खारींचा निसर्गपाठ : आवारातील निंबापासून अरण्यातील ढोलीपर्यंत

(इयत्ता तिसरी व चौथीच्या परिसर अभ्यासाकरिता पाठ-टिपण)

पाठाचे प्रयोजन

निसर्गपाठासाठी प्राणी निवडताना शिक्षकांची दृष्टी पुष्कळदा सिंह, उंट, जिराफ अशा दूरच्या प्राण्यांकडे वळते. चित्र दाखवावे, माहिती सांगावी, ती मुलांनी पाठ करावी, असा मग त्या पाठाचा क्रम ठरून जातो. खारीचा पाठ ह्याहून निराळा होऊ शकतो. चामोर्शी तालुक्यात निंबावर, चिंचेवर किंवा कौलारू छपरावर खार दिसत नाही अशी शाळा क्वचितच असेल. तिचे निरीक्षण करण्यास पैसा लागत नाही, सहल काढावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तिच्याविषयी बरेचसे ज्ञान मुलांपाशी आधीच असते. ते ज्ञान बोलते करणे आणि त्यास क्रम लावून देणे, एवढेच शिक्षकाचे काम उरते.

एक सावधगिरी मात्र प्रारंभीच घ्यावी. चित्रांच्या पुस्तकांत पुष्कळदा जी तांबूस, कानांवर केसांचे झुबके असलेली खार दिसते, ती युरोप व उत्तर आशियातील आहे. थंडीच्या दिवसांसाठी ओकची फळे पुरून ठेवणारी गोष्टींतील खार तीच. ती आपल्याकडे आढळत नाही. मुलाने निंबावर पट्टेरी खार पाहिली असावी, पुस्तकात बिनपट्ट्यांची पाहावी, आणि परीक्षेत पुस्तकातील चित्र काढावे, हा प्रकार टाळावयाचा तर पाठाचा आरंभ पुस्तकाऐवजी आवारातून झाला पाहिजे.

ह्या जिल्ह्याच्या प्रदेशात तीन तऱ्हेच्या खारी सांगता येतात : वस्तीजवळची पट्टेरी खार, दाट अरण्यातील शेकरू आणि रात्री संचार करणारी उडती खार. तिघींच्याही अंगी तपकिरी रंगाची कमीअधिक छटा असते. परंतु तिघींचे जीवन भिन्न आहे. ही भिन्नता झाडांमुळे कशी निर्माण होते, हे दाखविणे हा ह्या पाठाचा मुख्य हेतू होय.

आवारातील पट्टेरी खार

पट्टेरी खार वजनाने सुमारे शंभर ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या पेरूएवढीही भरत नाही. अंग करडे-तपकिरी, पोट पांढुरके आणि पाठीवर फिकट पट्टे. रामाने सेतुबंधनाच्या वेळी पाठीवरून बोटे फिरविली म्हणून हे पट्टे उमटले, ही कथा मुलांना ठाऊक असते. भाषेच्या तासाला ती अवश्य सांगावी. निसर्गपाठात मात्र मुलांना एकच प्रश्न विचारावा : पट्टे किती?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भारतात वस्तीजवळ राहणाऱ्या पट्टेरी खारींच्या दोन जाती विशेष परिचित आहेत. एकीच्या पाठीवर तीन पट्टे असतात. दुसरीच्या पाठीवर ह्या तिन्हींखेरीज दोन्ही कुशींवर एकेक अंधुक पट्टा असून एकंदर पाच होतात. तीन पट्ट्यांच्या खारीस लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६६ साली शास्त्रीय नाव दिले. पाच पट्ट्यांच्या खारीस स्वतंत्र जातीचे नाव मिळावयास मात्र १९०५ साल उजाडले. ते रॉटन ह्या अभ्यासकाने दिले. रोज डोळ्यांसमोर असलेल्या प्राण्याच्या पाठीवरील पट्ट्यांचा हिशेब लागावयास शास्त्रालाही सुमारे एकशे चाळीस वर्षे लागली! मध्य भारतात दोन्ही जाती आढळतात. म्हणून आपल्या शाळेच्या निंबावर कोणती खार आहे, ह्याचे उत्तर शिक्षकाने स्वतः देऊ नये. कुशीवरील अंधुक पट्टा दूरून दिसत नाही; मुलांनी चार-सहा दिवस, निरनिराळ्या प्रकाशात पाहून मोजावे आणि मगच निर्णय करावा.

ही खार फळे, बिया, कोवळे कोंब खाते, तसेच कीटकही खाते. फाल्गुनाच्या सुमारास पळस व काटेसावर फुलली म्हणजे फुलांतील मध पिण्यास ती येते, आणि तिच्या तोंडाला लागलेले पराग दुसऱ्या फुलास पोहोचतात. गवत, सुतळीचे धागे, कापूस, चिंध्या गोळा करून ती झाडाच्या बेचक्यात किंवा आढ्याच्या सांदीत घरटे करते. गर्भधारणेनंतर सुमारे सहा आठवड्यांनी बहुधा दोन-तीन पिल्ले होतात. ती जन्मतः आंधळी व केशहीन असतात, आणि त्यांचे पालनपोषण मादी एकटीच करते.

खारीचे ओरडणे मुलांनी लक्षपूर्वक ऐकावे. मांजर, साप किंवा शिकरा दिसताच ती शेपटीला झटके देत ‘चिक् चिक्’ असा एकसारखा कर्कश आवाज काढते. हा आवाज ऐकून आवारातील साळुंक्या व चिमण्या काय करतात, हे पाहण्यासारखे असते.

ही खार माणसाच्या वस्तीशी किती सहज जुळवून घेते ह्याचे एक उदाहरण सांगता येईल. ऑस्ट्रेलिया खंडात मूळची एकही खार नव्हती. १८९८ साली पर्थ शहरातील प्राणिसंग्रहालयाच्या परिसरात आपल्याकडील पाच पट्ट्यांची खार नेण्यात आली आणि तिची वस्ती तेथे मोकळ्यावर रुजली. शेकरू व उडती खार ह्यांच्या अंगी ही लवचीकता नाही, हे पुढे दिसेलच.

दात, पाय आणि शेपटी

उंदीर, घूस, साळिंदर ह्यांप्रमाणे खारही कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातील आहे. तिच्या वरच्या व खालच्या जबड्यात पुढे दोन-दोन पटाशीसारखे दात असतात आणि ते जन्मभर वाढत राहतात. त्यांची पुढची बाजू कठीण आणि मागची मऊ असते. कुरतडताना मागची बाजू अधिक झिजते व पुढची धार आपोआप तीक्ष्ण राहते. सुताराला पटाशीस वेळोवेळी धार लावावी लागते, खारीची पटाशी चालता चालताच धार धरते, असे सांगितले म्हणजे सुतारवाड्यातील मुलास ते तत्काळ समजते. झाडाखाली पडलेल्या कुरतडलेल्या बिया व कवच्या मुलांकडून गोळा करवून त्यांवरील दातांच्या खुणा दाखवाव्या.

खारीच्या पुढील पायांस चार व मागील पायांस पाच बोटे असतात. नख्या तीक्ष्ण व वाकड्या. तिच्या मागील पायाचा घोटा असा वळतो की पंजा मागे फिरवून ती साल धरू शकते. म्हणूनच खार डोके खाली करून झाडावरून धावत उतरते. मांजर झाडावर सहज चढते, परंतु उतरताना बहुधा पाठमोरे घसरत येते. हा भेद मुलांनी पाहिलेला असतो. त्याचे कारण मात्र त्यांस ठाऊक नसते.

शेपटी हा खारीचा सर्वांत मोठा अलंकार. ग्रीक भाषेत खारीच्या नावाचा अर्थ ‘शेपटीची सावली करणारी’ असा आहे. फांदीवरून धावताना तोल सांभाळणे, उडी मारताना दिशा देणे, थंडीत पांघरूण होणे आणि संकटाची खूण करणे, इतकी कामे ती एकटी करते.

शेकरू

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी होय. मुले ही गोष्ट स्पर्धा-परीक्षेसाठी पाठ करतात. तो एक प्रकारची खारच आहे हे मात्र पुष्कळांस माहीत नसते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भाग शेपटीचाच असतो. वजन दीड ते दोन किलो, म्हणजे पट्टेरी खारीच्या पंधरा-वीस पट. पाठीचा रंग तांबूस तपकिरी, पोटाचा फिकट पिवळसर. पाठीवर पट्टे नसतात.

शेकरूचे नाव निघाले की पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरची आठवण होते. तेथील अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, ते मुख्यतः शेकरूच्या रक्षणासाठी. विदर्भात मेळघाटच्या अरण्यात तो आढळतो आणि गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील दाट जंगलांतही त्याची नोंद आहे.

शेकरू दिवसा हिंडतो, परंतु जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर तो पाच-सहा मीटरांची उडी सहज घेतो. फळे, बिया, पाने व साल हे त्याचे अन्न. खाताना तो मागील पायांनी फांदीस धरतो आणि फांदीच्या एका बाजूस धड, दुसऱ्या बाजूस शेपटी असा तराजू करून बसतो. काटक्या व पाने गुंफून तो उंच फांद्यांत गोलसर घरटे बांधतो. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात. कोणते झोपण्यास, कोणते पिल्लांकरिता. धोका दिसल्यास तो पुष्कळदा न पळता फांदीला चिकटून निश्चल पडून राहतो.

ह्या सर्व जीवनक्रमास एक अट आहे. झाडांचे शेंडे एकमेकांस भिडलेले असले पाहिजेत. मध्ये रुंद रस्ता गेला किंवा एक पट्टा मोकळा झाला, तर पलीकडचे अरण्य कितीही दाट असले तरी शेकरूस ते नदीपलीकडच्या गावासारखे दुरावते.

रात्रीची उडती खार

तिसरी खार बहुतेक शिक्षकांनी पाहिलेली नसते. ती निशाचर आहे. भामरागड अभयारण्यातील प्राण्यांत तिची गणना होते. ती आकाराने शेकरूच्या जवळपास असते. अंग काळसर-तपकिरी, केस दाट व मऊ, डोळे टपोरे. अंधारात तिच्यावर विजेरीचा उजेड पडला की डोळे निखाऱ्यासारखे चमकतात.

तिला ‘उडती’ म्हणण्याची रूढी असली तरी ती पक्ष्याप्रमाणे किंवा वटवाघळाप्रमाणे उडत नाही. पुढील व मागील पायांच्या मध्ये, दोन्ही कुशींस, तिला त्वचेचा एक पडदा असतो. उंच झाडावरून झेप घेताना ती चारही पाय ताणते, पडदा पसरतो आणि ती हवेवर तरंगत दुसऱ्या झाडाच्या खोडावर जाऊन पोहोचते. एका झेपेत ती पन्नास मीटरांहून अधिक अंतर तोडू शकते. प्रत्येक झेपेत उंची कमी होत जाते. म्हणून खोडावर उतरताच ती पुन्हा वर चढते आणि पुढची झेप घेते. ही क्रिया समजावण्यास कागदाचे विमान पुरेसे आहे. ते बाकावरून सोडावे, मग टेबलावर उभे राहून सोडावे. जितकी उंची अधिक, तितके अंतर अधिक, हे मुले स्वतःच सांगतील.

दिवसा ती झाडाच्या ढोलीत झोपते आणि पिल्लासही तेथेच वाढविते. एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. उंबर, वड ह्यांची फळे, कोवळी पाने व साल हे तिचे अन्न होय.

झाडाचे वय आणि खार

आता तिन्ही खारी शेजारी ठेवून पाहाव्या. पट्टेरी खारीस लहान झाड चालते, भिंत चालते, छप्परही चालते. शेकरूस एकमेकांस भिडलेल्या उंच झाडांचे सलग अरण्य लागते. उडत्या खारीस त्याहून एक गोष्ट अधिक लागते, ती म्हणजे ढोली असलेला जुना वृक्ष.

ढोली एकाएकी होत नाही. प्रथम वाऱ्याने वा विजेने फांदी मोडते. त्या जखमेतून पाणी मुरते, बुरशी लागते, आतील लाकूड कुजते. सुतारपक्षी छिद्र पाडतो. प्राण्यास राहता येईल एवढी पोकळी होण्यास अनेक दशके लागतात. म्हणजे आज मुलांनी शाळेत निंबाचे रोप लावले, तर काही वर्षांत त्यावर पट्टेरी खार खेळू लागेल. ढोलीचे झाड मात्र लावून मिळत नाही; राखूनच मिळते.

नेमके हेच झाड लोकांस निरुपयोगी वाटते. पोकळ खोडाची फळी निघत नाही, म्हणून ते सरपणास आधी जाते. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची चाल आहे. तो विस्तव पसरून पोकळ खोडात शिरला, म्हणजे झाड धुराड्यासारखे आतून पेटते. आणि जमिनीवरची रोपे जळाल्याने त्याच्या जागी येणारे झाडही नाहीसे होते. मोह हा ह्या भागातील घरांचा आधार आहे. मोहफुलाचे उत्पन्न कोणी सोडावे असे शाळेने सांगू नये. जाळण्याऐवजी पाला झाडून घेणे अथवा झाडाखाली जुनी लुगडी वा जाळी पसरणे, हे उपाय मात्र मुलांच्या तोंडून घरी पोहोचू शकतात.

जुने वृक्ष राखल्याची उदाहरणेही जिल्ह्यात आहेत. आलापल्लीजवळ नैसर्गिक अरण्याचा एक तुकडा ‘वनवैभव’ ह्या नावाने पूर्वीपासून जपलेला असून, २०१४ साली त्यास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. खुद्द चामोर्शी तालुक्याच्या बाजूस चपराळा अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. शाळेची सहल मार्कंड्याची देवळे पाहावयास जाते, तशी एखादे वर्षी वनाधिकाऱ्यांच्या संमतीने दिवसा अशा अरण्याच्या कडेलाही जावी.

गलोल धरणारे मूल

ह्या पाठातील सर्वांत नाजूक भाग आता येतो. वर्गात शिक्षकाने “खारीला मारू नये” असे वाक्य फळ्यावर लिहिले, म्हणजे ज्या मुलाच्या खिशात गलोल आहे ते मान खाली घालते आणि पाठ संपेपर्यंत बोलत नाही. ते मूल बहुधा अभ्यासात मागे, शेवटच्या रांगेत बसणारे असते. परंतु खार कोणत्या वेळी उतरते, कोणत्या फांदीवरून पलीकडे जाते, ढोली कोठे आहे, हे वर्गात सर्वांत अधिक त्यालाच ठाऊक असते. नेम धरण्यासाठी त्याने तासन् तास निश्चल बसून खार पाहिलेली असते. निरीक्षणाचे शिक्षण ते आधीच घेऊन आलेले असते. निषेधाने ते ज्ञान मुके होते. म्हणून पहिले दोन दिवस उपदेश बाजूस ठेवावा आणि त्या मुलास निरीक्षणगटाचा नायक करावे. खारीचे घरटे, पिल्ले व तिची नित्याची वाट ज्याने वर्गासाठी रोज लिहून घेतली, त्याचा त्या खारीशी निराळा संबंध जडतो. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा शेकरू व उडती खार ह्यांच्या शिकारीस मनाई करतो, हे त्यानंतर सांगावे; तेव्हा ते कानांत शिरते.

असाच दुसरा अडसर भाषेचा आहे. चामोर्शी व आसपासच्या तालुक्यांत गोंडी व माडिया बोलणारी घरे आहेत, दक्षिणेकडे तेलुगू बोलणारी आहेत, आणि पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची पुनर्वसित गावेही आहेत. ‘खार’ हा शब्द ऐकून गप्प बसणाऱ्या मुलास प्राणी ठाऊक नसतो असे नाही. केवळ शब्द ठाऊक नसतो. तेलुगू घरातील मूल तिला ‘उडुत’ म्हणते. बंगाली घरातील मूल ‘काठबिडाली’ म्हणते, आणि त्या नावातच ‘लाकडावरची मांजर’ असे चित्र आहे. गोंडी व माडिया नावे त्या त्या मुलांनी सांगावी आणि शिक्षकाने ती जशीच्या तशी फळ्यावर लिहावी. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली ह्यांनी विदर्भाच्या अरण्यांत राहून वनवासी लोकांकडून पशुपक्ष्यांची व झाडांची असंख्य नावे जमविली, आणि त्यामुळे मराठी भाषा समृद्ध झाली. तेच कार्य लहान प्रमाणावर प्रत्येक वर्गास करता येते. ज्या दिवशी आपल्या घरचा शब्द फळ्यावर उमटतो, त्या दिवसापासून मूल वर्गात बोलू लागते.

पाठाची मांडणी

हा पाठ चार तासिकांत विभागावा.

पहिली तासिका : झाडाखाली बसून निरीक्षण. बोलणे नाही, खडा मारणे नाही. प्रत्येक मुलाने पाहिलेली एक गोष्ट परत आल्यावर सांगावी. खारीची सर्व भाषांतील नावे फळ्यावर लिहावी.

दुसरी तासिका : पट्ट्यांची गणना, कुरतडलेल्या बियांचे परीक्षण, दात व पाय ह्यांविषयी विवेचन. मुलांनी पाहिलेलीच खार काढावी. पुस्तकातील चित्र उतरवू नये.

तिसरी तासिका : शेकरू व उडती खार. शेकरूची लांबी अंगणात खडूने आखून दाखवावी. वजनाचे गणित करून घ्यावे. कागदी विमानाचा प्रयोग ह्याच तासिकेत करावा.

चौथी तासिका : गावाच्या शिवारातील जुन्या वृक्षांची यादी. झाडाचे नाव, ठिकाण, घेर किती वाव, ढोली आहे किंवा नाही, तीत कोण राहते, अशी पाच सदरे आखावी.

सूचना : मुलांस रात्री अथवा एकटे अरण्यात पाठवू नये, वाघ, बिबट व अस्वल ह्यांचा संचार ह्या भागात आहे. उडत्या खारीविषयीची माहिती गावातील वडीलधाऱ्यांस विचारून आणण्यास सांगावे. खाली पडलेले पिल्लू हाताळू नये. मादी पुष्कळदा ते उचलून नेते, म्हणून दूर उभे राहून वाट पाहावी. ढोलीत हात घालू देऊ नये.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेतील खारीच्या पाठीवर किती पट्टे आहेत? ते किती जणांनी, किती वेळा मोजले?
२. खार डोके खाली करून उतरते, मांजर तसे का उतरू शकत नाही?
३. खारीचे दात जन्मभर वाढतात. मग ते फार लांब का होत नाहीत?
४. उडती खार प्रत्येक झेपेनंतर खोडावर पुन्हा वर का चढते?
५. गावातील सर्वांत जुने झाड कोणते? ते तोडले तर कोणकोणत्या प्राण्यांचे घर जाईल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वर्गागणिक निराळे येईल, आणि तसेच ते यावे. वृक्षांची यादी शाळेच्या दप्तरात जपून ठेवावी. पुढील वर्षीच्या वर्गाने तीच यादी हाती घेऊन पुन्हा शिवारात फिरावे. कोणते झाड उभे आहे, कोणते गेले, कोणत्या ढोलीत नवा रहिवासी आला, ह्याची नोंद तिच्याखाली करावी. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदी साठल्या, म्हणजे गावाच्या वृक्षांचा इतिहास मुलांच्याच अक्षरात तयार होईल. ग्रामसभेत एखादे जुने झाड तोडण्याचा विषय निघाला, तर ती वही गावापुढे ठेवता येईल.